घणसोलीच्या मांडवातलं शिबिर

वाशी तेव्हा नवी कोरी होती. रस्ते रुंद, झाडं जेमतेम गुडघ्याएवढी, आणि दुकानं इतकी लांब की मीठ संपलं तर शेजारणीकडे मागणंच बरं वाटायचं. गिरगावातल्या चाळीतून आलेल्या वैजयंती आजगावकरला सुरुवातीला त्या शांततेनं झोप लागायची नाही. चाळीत भांडणाचा आवाज आला नाही तर चुकल्यासारखं वाटायचं, आणि इथं पाल चुकचुकली तरी पूर्ण बिल्डिंगला ऐकू जायचं. नवरा नंदकुमार सकाळच्या बसनं खाडीपूल ओलांडून फोर्टातल्या बँकेत जायचा तो दिवेलागणीलाच परतायचा. मुलगी शाळेत गेली की वैजयंती गॅलरीत उभी राहून खाली कोणी ओळखीचं दिसतंय का बघायची. दिसायचं नाही, कारण ओळखीचं अजून कोणी झालंच नव्हतं.

मग सेवा क्लब निघाला आणि वाशीत जरा जीव आला.

क्लब काढला जयप्रकाश मोहिलेंनी. तुर्भ्याच्या एका कारखान्यात ते इंजिनियर होते. माणूस मनानं फार चांगला, पण शिस्तीचा भारी. क्लबसाठी त्यांनी एक पितळी घंटा आणली होती. सभा सुरू करायची तर घंटा, संपवायची तर घंटा, आणि मध्ये कोणी विषय सोडून बोललं तरी घंटा. मेंबर सगळे पुरुष. त्यांच्या बायकांची मिळून एक ‘लेडीज विंग’ होती. चहा करणं, बटाटेवडे तळणं, पाहुण्यांना गुच्छ देणं आणि कोजागिरीला मसाला दूध आटवणं, एवढं तिचं काम. वैजयंतीनं वर्षभर ते मनापासून केलं. पण वडे तळताना तिचे कान हॉलमध्ये असायचे. आतल्या चर्चेत कुठं काय चुकतंय ते तिला कळायचं, आणि कळूनही झाऱ्यानं वडे उलटत राहावं लागायचं.

एका शनिवारी सभेत नेत्र शिबिराचा विषय निघाला. घणसोली गावात म्हाताऱ्या माणसांना मोतीबिंदूचा फार त्रास आहे, मुंबईचे एक डॉक्टर यायला तयार आहेत, मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन फुकट होणार आहे. फक्त कोणीतरी गावात जाऊन जुळवाजुळव करायला हवी. जयप्रकाशभाऊंनी सगळ्यांकडे बघितलं. एकाला ओव्हरटाइम होता, एकाची सासू येणार होती, एकाची कंबर धरली होती.

वैजयंती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. “मी करते,” ती म्हणाली.

जयप्रकाशभाऊंचा हात सवयीनं घंटेकडे गेला. मग तो तसाच थांबला.

“वहिनी, हे वडे तळण्याइतकं सोपं नाही.”

“वडे तळणं सोपं आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

मागच्या रांगेत नंदकुमार बसला होता. त्यानं रुमाल तोंडावर धरला. बाकीचे मोठ्यानं हसले. जयप्रकाशभाऊही हसले, पण त्यांनी अट घातलीच. “ठीक आहे. शिबिर जमलं तर पुढची सगळी शिबिरं लेडीज विंगकडे. नाही जमलं तर मात्र हा विषय परत काढायचा नाही. आणि जमलं म्हणजे काय, तेही सांगून ठेवतो. नुसती गर्दी मी धरणार नाही. तपासून घ्यायला कोणीही येतं. ऑपरेशनला मुंबईला जायला बसभर माणसं कबूल झाली पाहिजेत.”

“बसभर,” वैजयंती म्हणाली, आणि चहा वाटायला लागली. गिरगाव सोडल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी तिच्या एकटीच्या नावावर लागणार होतं.

तिनं जोडीला जयमाला वाघमारेला घेतलं. जयमाला तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती, मूळची परभणीकडची. बुद्धजयंतीला तिच्याकडची खीर खाल्ल्यापासून दोघींचं गूळपीठ जमलं होतं. दोघी एका दुपारी घणसोलीत उतरल्या. घराला घर लागलेलं, ओट्यांवर सुकत घातलेले बोंबील, आणि दारादारात काष्टा घातलेल्या बायका. ह्या दोघींच्या हातातल्या पर्स बघून पहिल्याच दारातनं हाळी गेली, “सिडकोची मानसं आयली गो!” आणि नव्या शहरासाठी जमिनी घेणाऱ्या सिडकोचं नाव ऐकताच पटापट दारं लागली.

“सिडकोचे न्हाईत बाई आम्ही,” जयमाला ओरडली. “डोळे तपासायला येणार हौत.”

आतून आवाज आला, “जमिनी झाल्या, आता डोलं पन नेताव काय?”

वैजयंतीला हसूही आलं आणि कानकोंडंही झालं. शेवटी एका मोठ्या ओट्यावर बसलेल्या बाईनं त्यांना हाक मारली. ही दुर्गाबाई. अंगानं चांगली भरलेली, आवाज असा की पलीकडच्या आळीला निरोप द्यायला उठावं लागू नये. तिनं दोघींना पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं. वैजयंतीनं रविवारची तारीख सांगितली. रविवारच तिनं धरला होता, कारण क्लबाच्या मेंबरांना सुटी, डॉक्टरांना सुटी, शाळा रिकामी. वाशीत कुठलाही कार्यक्रम ठरायचा तो रविवारचाच.

“त्या आयतवारी?” दुर्गाबाईचा चेहरा उजळला. “या की! त्या दिशी सगला गाव हय असल. कुनी कामाला जावाचा नाय, कुनी मिठागरान जावाचा नाय. आनि जेवल्याबिगर जावाचा नाय हां, सांगून ठेवते.”

परतताना वैजयंती नुसती तरंगत होती. “बघितलंस? अख्खा गाव काम सोडून थांबणार आहे.”

“ते खरं,” जयमाला म्हणाली, “पण डोळ्यांसाठी अख्खा गाव कामून घरी बसंल? आमच्याकडं तर लस टोचायला गेलं की माणसं रानात पळतात.”

“इथली माणसं तशी नाहीत,” वैजयंती म्हणाली. गाव नाही म्हणत नाही आणि जेवायलाही बोलावतं, ह्यापुढं तिला काही दिसतच नव्हतं.

रविवार उजाडला. घणसोलीच्या शाळेत क्लबाचं कापडी बॅनर लागलं, ‘मोफत नेत्र तपासणी शिबिर’. टेबल आलं, खुर्च्यांच्या रांगा लागल्या, उद्घाटनाची समई आली. जयप्रकाशभाऊ कोटाला बिल्ला लावून आणि घंटा घेऊन आले. मुंबईहून डॉक्टर दिलीप कारखानीस आले, पांढरा शर्ट, जाड चष्मा, आणि संध्याकाळच्या आत परत जायची घाई. जयमालानं औषधाच्या बाटल्या मांडल्या. सगळं कसं जागच्या जागी होतं. नव्हते फक्त पेशंट.

ऊन चढत गेलं. दाराशी एक कोंबडी आली, तिनं मान वाकडी करून समईकडे बघितलं आणि आत येऊन दाणे टिपायला लागली.

“वहिनी,” डॉक्टर म्हणाले, “ह्या पेशंटची दृष्टी उत्तम आहे. पुढचा बोलवा.”

जयप्रकाशभाऊ म्हणाले, “घंटा वाजवून बघू का? लोकांना कळेल.” त्यांनी जोरात घंटा वाजवली. ती ऐकून कुठून तरी चार पोरं धावत आली, दारात थबकली, सुटीतच शाळा सुरू झाली असं वाटून आल्या पावली पळाली.

लांबून कुठून तरी बँडचा आवाज येत होता. मघापासून येत होता, पण वैजयंतीचं तिकडे लक्षच नव्हतं. आता ती उठली आणि त्या आवाजाच्या मागं मागं निघाली. जयमाला तिच्या पाठोपाठ.

दोन आळ्या ओलांडल्या आणि दुर्गाबाईच्या घरासमोर त्या थांबल्या. ओट्यापुढच्या मोकळ्या जागेत भला मोठा मांडव. झावळ्या, पताका, रंगीत कागदाच्या झिरमिळ्या. एका बाजूला चुलीवर मोठाल्या कढया, वडे तळायचा वास. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, म्हातारेकोतारे चटयांवर, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये बँडवाले. अख्खा गाव तिथं होता. शब्दश: अख्खा.

दुर्गाबाई नव्या लुगड्यात धावत आली. “आयलाव? मी कवापासून वाट बगते! माज्या सदूची हलद हाय आज.”

“दुर्गाबाई,” वैजयंती म्हणाली, “आमचं शिबिर आहे ना आज? शाळेत?”

“मंग? मी सांगला नाय तुमाला? सगला गाव हय असल म्हून?”

“पण लग्न आहे असं नाही सांगितलंत!”

“आता वैशाखाच्या आयतवारी लगीन नसल तं काय असल बाय?” दुर्गाबाईला खरंच नवल वाटलं. “तुमी तारीक सांगितलीत, मना वाटला तुमाला ठावं हाय. पाव्हनी मानसं सोताहून येतो म्हनतात, त्यांना नको कसं बोलाचा?”

जयमाला तोंडावर पदर धरून हसत होती. वैजयंतीला आधी रडू येईलसं वाटलं. तिनं मांडवावर नजर फिरवली. चटईवरच्या एका म्हाताऱ्याला सुनेनं पाण्याचा पेला दिला, तर त्याचा हात पेल्याच्या बाजूनं नुसता हवेत चाचपडत गेला. त्याच्या शेजारची म्हातारी डोळ्यांवर हाताचा आडोसा करून बसली होती, तिच्यापलीकडची तशीच. पेशंट सगळे इथंच होते. ओळीनं बसलेलेसुद्धा होते.

“दुर्गाबाई, आमचे डॉक्टर ह्या मांडवात बसवले तर चालतील?”

आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हळदीच्या मांडवात डॉक्टर, हे काय शकुनाचं लक्षण? कोणीतरी कुजबुजलंही. दुर्गाबाईनं कमरेवर हात ठेवले, आजवर झालेली गावातली सगळी लग्नं मनातल्या मनात आठवून बघितली, आणि विचारलं, “मुंबईचा हाय डाक्टर?”

“मुंबईचा. मोठ्या इस्पितळातला.”

“पाटलाच्या मांडवान बँडवाला मुंबईचा होता,” दुर्गाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “माज्या मांडवान डाक्टर मुंबईचा. आना त्याला!”

शाळेत जयप्रकाशभाऊंनी ऐकून कपाळाला हात लावला. “मांडवात? वहिनी, उद्घाटन व्हायचंय अजून! आणि बॅनर इथं बांधलंय.”

“बॅनर सुटतं,” वैजयंती म्हणाली. “गाव सुटणार नाही मांडवातनं.”

डॉक्टर आधीच उठले होते. “चला चला. कोंबडीला चष्मा लागत नाही, माझं इथलं काम संपलं.”

जीपमधून टेबल गेलं, बाटल्या गेल्या, समईसुद्धा गेली. बॅनर मांडवाच्या तोंडाशी, गणपतीच्या तसबिरीच्या वर बांधलं गेलं. त्यानंतर दुपारभर बाहेरगावचे पाहुणे आले की मांडवात शिरण्याआधी वर बघायचे आणि दबक्या आवाजात विचारायचे, “नवऱ्याचं डोलं बिगडलेत का काय?” सदू बिचारा दर खेपेला सांगायचा, “नाय ओ मामा, माजं बेस हायत.” शेवटी सांगून सांगून कंटाळला आणि घरामागं जाऊन बसला.

तपासणी मात्र अशी रंगली की विचारू नका. बँडवाल्यांनी स्वत:हून आवाज कमी केला. डॉक्टर बोटं दाखवायचे, म्हातारे आकडा सांगायचे, आणि चुकला की मांडव हसायचा. एक आजोबा तर भलतेच हुशार निघाले. मागं उभा असलेला नातू हळूच आकडा सांगत होता. डॉक्टरांनी मूठ मिटली आणि विचारलं, “आता किती?” नातू गोंधळून गप्प. आजोबा म्हणाले, “आता बत्ती गेली.” जयमाला ज्याच्या त्याच्या डोळ्यांत औषध टाकत सुटली होती. त्या औषधानं तासन् तास धूसर दिसतं, हे तिनं सगळ्यांना सांगितलंही होतं, पण ऐकतं कोण. वडे तळणाऱ्या काशीनं हौसेनं औषध घालून घेतलं आणि त्यानंतरचा एक घाणा कोळसा झाला.

दुपार कलली. मोतीबिंदूवाली माणसं इतकी निघाली की एका बसमध्ये मावतील की नाही शंका. वैजयंतीनं मांडवाच्या मधोमध उभं राहून सगळं समजावलं. मुंबईला नेऊ, फुकट करू, परत आणून सोडू, सोबत घरचं माणूस येऊ दे.

“कोण कोण येणार?”

कोणी हात वर केला नाही. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली. मांडवाच्या खांबाला टेकून चांगुणाबाई बसली होती. ती गावची धवलारीण, लग्नातली गाणी म्हणणारी. ह्या भागातली लग्नं भटजीच्या आधी तिच्या तोंडून लागायची. मांडव पडल्यापासून नवरी निघेपर्यंत कुठल्या विधीला कुठला धवला म्हणायचा, ते सगळं तिला पाठ. मांडवातल्या निम्म्या लोकांच्या अंगाला पहिली हळद तिनंच लावलेली. थोड्या वेळापूर्वी तिचेही डोळे तपासून झाले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

“चांगुनाय जाल तं आमी जाव,” चटईवरचा म्हातारा म्हणाला.

“मी कशाला जान?” चांगुणाबाई म्हणाली. “माजं धवलं कागदावर नाय लिवलेलं. तोंडान हायत. त्याना डोलं काय करायचं?”

“आजी, पण दिसायला नको का?” वैजयंती तिच्याजवळ बसली.

“दिसतंय तवरा पुरं. आता तं लग्नसराई हाय. मी मुंबईला डोलं बांधून निजते, आनि हय हलद कोन लावल? तू?”

मांडव हसला. वैजयंतीही हसली. तिनं परत समजावलं, जयमालानं समजावलं, खुद्द दुर्गाबाईनं समजावलं. चांगुणाबाई नाही नाही म्हणत मान हलवत राहिली, आणि तिच्याबरोबर सगळ्या चटया मान हलवत राहिल्या.

जयप्रकाशभाऊ वैजयंतीशेजारी येऊन उभे राहिले. “तपासणी छान झाली, वहिनी. अगदी मनापासून सांगतो.” त्यांचा आवाज इतका मऊ होता की त्यापेक्षा ते घंटा वाजवते तर बरं, असं तिला वाटलं. “बसचं मी इस्पितळाला कळवतो. नाही लागणार म्हणून.”

“थांबा जरा,” ती म्हणाली. कशासाठी थांबा, ते तिलाही माहीत नव्हतं.

डॉक्टरांना आता निघायचं होतं. एक शेवटचा पेशंट राहिला होता, गुडघ्यांनी अधू झालेले एक आजोबा. त्यांना चटईवरनं उठता येईना, म्हणून डॉक्टर शेजारच्या पाटावरच बसले आणि आजोबांच्या डोळ्यांत बघायला लागले. पाटाभोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी होती, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना ती दिसली नाही. बायकांना दिसली. हा सदूचा पाट. हळदीचा. पण मुंबईचा पाहुणा बसलाय, त्याला ऊठ कसं म्हणायचं? ही तिला खुणा करू लागली, ती हिला.

तेवढ्यात हळदीची वेळ झाली म्हणून बँड थांबला. चांगुणाबाई उठली. कोणीतरी तिच्या हातात हळदीची वाटी दिली. तिनं गळा साफ केला आणि धवला सुरू केला. म्हातारपणी एवढा खणखणीत आवाज कुठून येत असेल कोण जाणे. धवला लागल्यावर मध्ये कोण बोलणार! गात गातच ती खांबापासून पाटापर्यंत अशी आली की वाटेत एक पाय अडखळला नाही. वाकली, आणि पाटावर बसलेल्या माणसाच्या दोन्ही गालांना तिनं पहिली हळद लावली. मग कपाळाला. मग हात जरा थांबला.

“सदू,” ती म्हणाली, “तुला चश्मा कवा लागला रं?”

मांडवात जो हशा उसळला तो पार शाळेपर्यंत गेला असेल. बँडवाल्यानं पिपाणी खाली ठेवली. घरामागनं सदू पळत आला आणि आपल्या पाटावर आपल्याआधी हळद लागलेला डॉक्टर बघून त्याचा जबडा उघडाच राहिला. काशी तर जमिनीवरच बसली. डॉक्टर कारखानीस चष्म्याच्या पिवळ्या काचांमधून इकडं तिकडं बघत होते.

फक्त चांगुणाबाई हसली नाही. तिनं हळद लागलेली बोटं डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

जयमाला धावली. “आजी, तुमचा दोष न्हाई. मी टाकलं ना औषध, त्यानं झालं.”

“औषदानं नाय गो,” चांगुणाबाई हळूच म्हणाली. हशा चालूच होता, त्यामुळे ते जवळच्या दोघीतिघींनाच ऐकू गेलं. “दोन वरसां झाली, मी पाट बगून हलद लावते. तोंड दिसत नाय मना. आजपातूर पाटावर नवराच असायचा, म्हून निभलं.”

वैजयंतीनं म्हातारीचा हात धरला. हळद दोघींच्या हाताला लागली.

तिकडे डॉक्टरांनी रुमाल काढला होता. “बरं, फार छान झालं, आता मला निघालं पाहिजे.”

दुर्गाबाई त्यांच्या वाटेत उभी राहिली. “निंगाचा नाय.”

“म्हणजे?”

“हलद लागलेला मानूस मांडवाभायेर जावाचा नाय. माज्या पोराच्या लगनाला खोट लागल.”

“अहो बाई, पण मी नवरा नाही!”

“हलदीला काय ठावं?”

डॉक्टरांनी मदतीसाठी जयप्रकाशभाऊंकडे बघितलं. नियमांचा मान राखणाऱ्या त्या माणसानं गंभीरपणे सांगितलं, “रूढी आहे त्यांची, डॉक्टर.” मग डॉक्टरांनी वैजयंतीकडे बघितलं. आणि वैजयंतीला एकदम वाट दिसली.

“डॉक्टर थांबतील,” तिनं मोठ्यानं सांगून टाकलं. “हळद पुरी होऊन अंगावर पाणी पडेपर्यंत मांडव सोडणार नाहीत. आजी, तुमच्या हातची हळद लागली, तिचा मान ते राखतील. मग तुम्ही त्यांचा मान राखाल की नाही?”

हशा विरला. डॉक्टर काही बोलायला गेले, पण वैजयंतीनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी रुमाल गुमान खिशात घातला आणि परत पाटावर बसले.

“थांबतो,” ते म्हणाले. “आजी, मी तुमच्या मांडवात बसतो, तुम्ही माझ्या इस्पितळात या. दोघांचंही काम अडायला नको.”

चांगुणाबाईनं पिवळी बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, “लग्नसराई सरल, मंग येन.”

“कधी सरते?” डॉक्टरांनी विचारलं.

“आखाड लागला का.”

“भर पावसान डोलं कापाचं?” चटईवरून एक आजोबा ओरडले.

“आम्ही ऑपरेशन छपराखाली करतो, आजोबा,” डॉक्टर म्हणाले.

“चांगुनाय जाते तं मी पन जाईन,” ते आजोबा म्हणाले. मग शेजारची म्हातारी म्हणाली, तिच्यापलीकडची म्हणाली, आणि पुढं कोण कोण म्हणालं ते कळेनाच, कारण दुर्गाबाईनं बँडला हात केला होता. खऱ्या नवऱ्याला डॉक्टरांच्या शेजारी दुसऱ्या पाटावर बसवलं. ह्या वेळी चांगुणाबाईनं आधी सदूच्या तोंडावरनं बोटं फिरवली, नाक चाचपलं, “हाच त्यो,” म्हणाली आणि मग हळद लावली. त्यानंतर बायकांनी दोघांना मिळून अशी माखली की आई येती तर तिनंही ओळखलं नसतं. जयप्रकाशभाऊ आभारप्रदर्शन करायला उभे राहिले, तर त्यांच्या कोटालाही लागली, बिल्ल्यासकट. डॉक्टर दिवे लागल्यावर सुटले ते मटण आणि वडे खाऊन, पिवळ्या कानांनी.

आषाढात बस आली. चिखलातून म्हातारेकोतारे, त्यांच्या सुना, लेक, गाठोडी असं सगळं चढलं तेव्हा कंडक्टरला उभं राहायला जागा उरली नाही. चांगुणाबाई पुढच्या बाकावर बसली. आत सगळेच जरा घाबरून गप्प होते, ते बघून तिनं धवला सुरू केला, आणि मागच्या बायकांनी तो उचलला. खाडीपुलावर पलीकडून येणाऱ्या बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघत होती, कुठल्या लग्नाचं वऱ्हाड म्हणून.

पट्टी सोडायच्या दिवशी वैजयंती इस्पितळात गेली. डॉक्टरांनी चांगुणाबाईच्या डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा चढवला. म्हातारीनं आधी खिडकी बघितली, मग डॉक्टरांना बघितलं. “तू तं नवरा व्हायच्या वयाचा नाय रं,” ती म्हणाली. मग वैजयंतीकडे वळली आणि बघतच राहिली.

“तू वैजयंती?”

“हो आजी.”

“मना वाटला तू पोक्त बाई असशील. आवाज तं सासूवानी हाय तुजा.” आणि तिनं हात लांब करून वैजयंतीच्या गालावरनं बोटं मोडली. बोटं बरोबर गालावरच आली.

पुढच्या सभेला जयप्रकाशभाऊंनी घंटा वाजवली आणि जाहीर केलं की यापुढची शिबिरं लेडीज विंगनं करायची. आधी टाळ्या झाल्या. मग पुरुष मेंबरांनी एकमेकांकडे बघितलं, कारण चहाची वेळ झाली होती आणि दारात ट्रे घेऊन कोणीच उभं नव्हतं. वैजयंती आणि जयमाला पुढच्या रांगेत बसल्या होत्या. शेवटी नंदकुमार उठला. त्या दिवसाचा चहा अतोनात गोड झाला होता, पण सगळ्यांनी प्यायला.

दुसरं शिबिर जासईला ठरलं. तारखेचं विचारल्यावर वैजयंती म्हणाली, ती इथं बसून ठरणार नाही. आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी ती आणि जयमाला जासईत उतरल्या. एका ओट्यावर पाणी प्यायल्या, आणि वैजयंतीनं घरच्या बाईला विचारलं, “तुमच्याकडे यंदा लग्नं कधी आहेत? कोणाकोणाच्या घरात?”

बाईनं दोघींना खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग घाईनं पदर सारखा केला आणि आत वळून हाक मारली, “अगो, चाय टाक! पोरीला बगाया आयलेत!”

जयमाला काही सांगणार, तेवढ्यात वैजयंतीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “असू दे,” ती हळूच म्हणाली. “चहा येऊ दे आधी. बायका जमल्या की सांगू.” आणि ती ओट्यावर नीट मांडी घालून बसली.